ढोल थांबल्यावर

— बसा, बसा बापू, उठू नका. ती आपली गाडी न्हवं, मालगाडी हाय. आपली छोटी गाडी पल्याडच्या फलाटाला लागती, आन ती कवा येळंवर आलीया? हरणामावशी बी अजून आल्या न्हाईत. मिरासाहेबाच्या दर्ग्यात ऊद घालून येते म्हणाल्या — 'मोठ्या डाक्तरनं सांगितलं, माझ्या धन्याला काय बी झाल्यालं न्हाई' — आन असल्या उन्हाचं मिरजेच्या रस्त्यानं अनवाणी पळाल्या. बरं झालं पळाल्या. म्हंजी तसं न्हवं — मला तुमच्याशी बोलायचं हाय, त्या यायच्या आत. एवढीशी गोष्ट हाय. तुमचा भाऊ बी ढोलावर डोकं ठिवून झोपलाय, ते बी बरं झालं. बिराप्पा जागा असला की मला धड बोलता येत न्हाई, त्यो मधीच हसतोय. काय म्हणालात? पाणी? पाणी न्हवं? मग ऱ्हाऊ द्या, कळलं मला. कळलं न्हाई खरं तर, पण ऱ्हाऊ द्या.

तर गोष्ट अशी — आज सांगलीच्या सभेत त्या अध्यक्षसाहेबानं जे सांगितलं ते खोटं हाय. तुमी आजारी हाय बापू. चांगलं आजारी हाय. हां, सुटलो एकदाचा! जगातला मी पयला डॉक्टर आसंन बगा, रोग्याफुडं हात जोडून बसलाय, की बाबा, तू आजारी हायेस, एवढं माझं ऐक. बाकीचं डॉक्टर 'तुमी बरं झाला' म्हणून सांगत्यात आन कोंबडी घिऊन घरला जात्यात. माझ्या नशिबात उलटंच. असं दगडावानी बघू नका हो माझ्याकडं. रागावलाय, कळतंय मला. सभेतनं निघाल्यापास्नं बघतोय, टांग्यात बी तुमी तोंडावरची माशी हाकलली न्हाई. रागवा, रागवायलाच पायजे. म्या तुमास्नी एवढ्या लांबनं आणलं, बाप्यांफुडं उभं केलं, आन निघालं काय त्यातनं — तर तुमास्नी काय झालंच न्हाई!

आन मला गप बसता बी येईना. मावशी टांग्यात काय म्हणत व्हत्या ऐकलं न्हवं? दिवाळी झाली की वाडा हलणार — मेंढरं, घोडी, पोरंबाळं, सगळा बाडबिस्तारा घिऊन खाली कोयनंकडं, लोकांच्या रानात मेंढरं बसवायला. दरसाल तुमास्नी भावजयीपाशी ठिवून जात्यात, औंदा म्हणं तुमीच म्होरं चालणार कळपाच्या, पयल्यासारखं, खांद्यावर घोंगडं टाकून. किती हारकल्यात त्या! आन मी त्यांच्या शेजारी बसून मान हलवतोय नंदीबैलावानी. बापू, तुमी माझ्या दवाखान्याच्या उंबऱ्यात अडकता. ढालगावच्या बाजारात मोकळ्या रस्त्यावर तुमचं पाय खिळल्यावानी व्हत्यात. मग कराडच्या सडकंला, फुडनं लारी आली, मागनं मेंढरं रेटायला लागली, आन तुमी तितंच मधी उभं ऱ्हायला — मग? लारीवाल्याला काय म्हाईत हा माणूस हट्टानं उभा न्हाई म्हणून? म्हणून सांगतोय. मावशी यायच्या आत तुमी समजून घ्या, मंग आपण दोघं मिळून त्यास्नी — म्हंजी मीच सांगंन. मीच सांगायला पायजे. डॉक्टर कोण हाय?

डॉक्टर! आठवतंय का, तुमी पयल्यांदा दवाखान्यात आला तवा या डॉक्टरनं काय केलं? तुमचा ह्यो उजवा हात असाच चालला व्हता — आंगठा बोटावर, बोट आंगठ्यावर, आताबी चाललाय तसा — आन म्या तळहात फुडं केला, 'द्या की बापू चिमूटभर.' पुण्याला शिकून आलेला, भिंतीवर काचंत प्रमाणपत्र लावल्याला डॉक्टर, रोग्याच्या हाताला आलेला कंप बघतोय, आन त्येला वाटतंय माणूस तंबाखू मळतोय! तुमी बी काय कमी न्हाई. कनवटीची चंची काढून माझ्याफुडं धरलीत. मला वाटलं, म्हातारा दिलदार हाय. अख्ख्या बाजारानं तवर तुमच्याफुडं हात पसरून झालं आसंल, तुमास्नी सवय झाली आसंल. पण मी डॉक्टर न्हवं का? तंबाखू तोंडात टाकली, थुकून आलो, आन मंग म्हणलं, 'हां, आता काय व्हतंय सांगा.'

काय? — व्हय, व्हय, येतील त्या, दर्गा काय लांब न्हाई. मला बोलू द्या जरा, न्हाई तर परत धीर व्हायचा न्हाई.

तर मंग म्या पुस्तकं काढली. आपल्यात कंपवात म्हणत्यात, इंग्रजीत पार्किन्सन, एका गोऱ्या डॉक्टरच्या नावानं. हात कापतोय, पाऊल लहान पडतंय, उंबऱ्यात पाय अडकतोय, आवाज बारीक व्हतोय — सगळं पुस्तकात जसंच्या तसं. मला एवढा आनंद झाला बापू! लाज वाटती सांगायला, पण झाला. ढालगावात मला रोज काय मिळतं? खरूज, हिवताप, विंचू. आन एकदम पुस्तकातलं पान चालत माझ्या दवाखान्यात आलं. म्या तुमास्नी त्या दिवशी किती चहा पाजला! मावशीस्नी वाटलं, डाक्तर मायाळू हाय. आन मंग त्यो बाजारचा दिवस — बिराप्पा ढोल मढवून घिऊन आलावता, बाहेर बसून नवं कातडं कसं बोलतंय बघत व्हता, आन तुमी आत, दारात, अडकून. मी म्हणतोय 'पाय उचला, पाय उचला', पाय काय उचलंना. आन बाहेर ढोलावर थाप पडली. तुमी निघाला! सरळ, मोठ्या पावलानं, पायऱ्या उतरून, ढोल वाजतोय तवर. ढोल थांबला, तुमी थांबला. म्या बिराप्पाला म्हणलं, 'वाजीव.' परत निघाला. 'थांबीव.' खिळला. दिवसभर म्या त्येला जेवू दिलं न्हाई. गावातली पोरं म्हणायला लागली, डाक्तरला बी बिरोबाचं वारं लागलं.

तवापास्नं माझ्या डोक्यात निबंध. सांगलीत आमची मंडळी हायेत ना — आमच्यासारखीच उंडगी, नवी नवी डॉक्टर झाल्याली, दोघं-चौघं रसायनशास्त्रवाली — कुणाकडं काय नवं आढळलं तर जमून वाचून दाखवायचं, एकमेकाच्या चुका काढायच्या, चिवडा खायाचा. शाळेचा हॉल फुकट मिळतोय रविवारचा. औंदा पयल्यांदा कुणीतरी मोठा माणूस अध्यक्ष आणायचा ठरला, मुंबईस्नं निवृत्त झाल्याला. आन त्येचा शब्द मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात चालतोय म्हणं. हे काय मला म्हाईत नव्हतं असं न्हाई. म्हाईत व्हतं. ह्यो कोट बघा, माझा मैतर लालासाहेब, त्येच्या भावाचा हाय, लग्नातला. निबंध म्या आरशाफुडं वाचला, गोठ्यात म्हशीफुडं वाचला. म्हशीनं शेवटपत्तुर ऐकला. आन मनात काय चाललंवतं? — अध्यक्ष उठंल, पाठीवर हात ठिवंल, म्हणंल, 'या तरुणाला मुंबईला घ्या.' तुमी त्या चित्रात कुठंतरी कडंला उभं व्हता बापू, ढोलासंगट. निबंधात म्या तुमचं नाव बी घातलं न्हाई. 'रुग्ण, धनगर, वय सुमारे पंचावन्न.' एवढंच.

आन तुमास्नी इचारलं बी न्हाई, यायचं का म्हणून. मावशीस्नी इचारलं. त्यास्नी म्हणलं, मोठं मोठं डॉक्टर बघतील, औषध निघंल काय तरी. निघंल म्हणलं न्हवं मी? तोंड फुडं झालं माझं. मावशीनं लगेच दोन्ही हात माझ्या गालावरनं फिरवून बोटं मोडली.

आता सभेत काय झालं त्ये तुमी मधनं बघितलं, म्या बाजूनं बघितलं, जरा ऐकून घ्या, म्हंजी त्या अध्यक्षाची बी सगळी चूक न्हवती हे कळंल. घात केला लालासाहेबानं. त्यो उंच, चष्मेवाला, हात पुसत हिंडत व्हता त्यो लालासाहेब. माझा मैतर, रसायनवाला. वैद्य लोक कंपवाताला खाजकुयलीच्या बिया देत्यात ना, दुधात शिजवून? त्या बियांत हाय तरी काय, हे त्यो हुडकतोय. काय तरी हाय त्यात म्हणतोय, पांढरी भुकटी निघती, पण फुडं काय कळंना. सशाला खाऊ घातली तर ससा नुसताच जाड झाला. गुणाचं पोरगं हाय, पण अक्कल? बिया दाखवायच्या तर सोललेल्या आणाव्यात का न्हाई? ह्येनं आख्ख्या शेंगा आणल्या, वरनं लव असल्याल्या, ताजं नमुनं म्हणून. रानात वाढलेल्या कुठल्याबी माणसाला इचारलं असतं तर त्येनं त्या ताटाला हात लावला नसता. ताटात पसरून टेबलावर मांडल्या. आन टेबलावर, अध्यक्षास्नी गरम व्हतं म्हणून, विजेचा पंखा!

मी तवा तुमच्याकडं बघत व्हतो, तुमी शेंगांकडं बघत व्हता. बोलला बी आसाल काय तरी. — बोलला व्हता? बगा! आन मी म्हणलं आसंन, 'थांबा बापू, सभा चाललीया.' मंग लालासाहेबानं पंखा फिरवला आन ती सगळी खाज उडाली ती थेट पयल्या रांगंत. अध्यक्षाच्या कॉलरात, बाह्यांत, मिशीत. पयल्यांदा त्यो नुसती मान हलवायचा. आमास्नी वाटलं, निबंध पटतोय. मंग एक बोट कॉलरात घातलं. मंग दोन. लालासाहेब वाचतोय, 'या बीजांचा मज्जासंस्थेवर परिणाम होत असावा', आन फुडं सगळी पयली रांग उंदीर शिरल्यावानी हलतीया. आन घंटा वाजवून अध्यक्षानं माझं नाव पुकारलं.

म्या 'उपस्थित सद्गृहस्थहो' म्हणलं तवाच अर्धी माणसं पाठी भिंतीला घासत व्हती. मी काय थांबतोय? म्या वाचत सुटलो. तुमच्या चेहऱ्यावर तर दोन पानं लिहिलीवती — 'रुग्णाचा चेहरा मुखवट्यासारखा होतो, आतील भावना त्यावर उमटत नाहीत, पाहणाऱ्याने फसू नये.' कसलं झ्याक लिहिलंवतं! मंग तुमास्नी दारातनं चालत यायला सांगितलं, तुमी उंबऱ्यात अडकला, मंडळी जरा सावरून बसली, आन म्या बिराप्पाला खूण केली. ठरलं काय व्हतं? साधी थाप. दवाखान्यात वाजवायचा तशी. पण बिराप्पानं एवढी कोटातली माणसं कधी बघितली? त्यात हॉल घुमतोय. त्येनं दोन थापा साध्या दिल्या आन तिसरीला गजी धरली! पुरती गजी, जत्रंतल्या नाचाची. आन तुमी —

बापू, म्या तुमास्नी नाचताना कधी बघितलंच नव्हतं. लोकं सांगायची, सिद्धूबापू गजीत म्होरं असला की बघायला दुसऱ्या गावची माणसं यायची. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलत्यात असं. तुमी खिशातनं रुमाल काढला. ज्या हातानं पेला धरवत न्हाई त्या हातानं. बसकी घिऊन गिरकी मारली, उठला, परत बसला, रुमाल ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर — हात कापत नव्हता. एवढासा बी न्हाई. सगळ्या हॉलाची खाज थांबली बगा घटकाभर. आन मागनं मावशी उठल्या, 'बिरोबाच्या नावानं चांगभलं!' म्हणून वरडल्या, आन कनवटीचा भंडारा काढून जो उधळला तो सगळा पयल्या रांगंवर. अध्यक्ष नखशिखांत पिवळा. खाजंवर हळद चांगली असती म्हणा, मावशीनं औषधच टाकलं, पण त्येला ते कळायचं कसं?

त्यो उठला. त्येचं शब्द मला पाठ झाल्यात. 'या गृहस्थाला काहीही झालेलं नाही. असा नाचणारा माणूस कंपवाताचा रोगी असू शकत नाही. मनाचे खेळ आहेत. डॉक्टर, तुम्ही तरुण आहात, रोगी नीट तपासत चला.' आन खाजवत खाजवत निघाला जिन्याकडं. त्येच्यामागं सगळी रांग. मावशीनं त्यातलं पयलं तेवढं ऐकलं — काहीही झालेलं नाही. ऐकल्या ऐकल्या भुईला डोकं टेकलं आन तशाच बाहेर पळाल्या, टांगा बघायला, मिरजंला जाऊन ऊद घालायला.

आन मी काय केलं? मी त्या साहेबाच्या मागं पळालो. हातात निबंध. शेवटचं पान ऱ्हायलंवतं ना! सगळा मुद्दा त्या पानात व्हता — ढोल वाजतोय तवर चालतोय, आन ढोल थांबल्यावर काय व्हतं. तेच बघायचं व्हतं त्येनं, तेच कुणी बघितलं न्हाई. जिन्यावर वाचलं, फाटकात वाचलं, मोटारीत बसून त्येनं काच वर केली तर काचंला वाचून दाखवलं. 'वादन थांबताच रुग्णाची हालचाल गोठते, तोल जाऊन पडण्याचा धोका संभवतो.' मोटार गेली. ड्रायव्हर बी खाजवत व्हता.

मी ते पान खाली मोटारीफुडं वाचत व्हतो बापू, आन वर हॉलात ते घडत व्हतं. मला टांग्यात कळलं. बिराप्पा माझ्या कानात म्हणला, सगळी उठून गेली बघून त्येनं ढोल थांबवला, आन तुमी एक पाय वर, रुमाल हवेत, तसंच. आन मंग सगळं आंग फुडं कलंडलं. त्येनं ढोल टाकून कवळा घातला म्हणून, न्हाई तर तोंडावर पडला असता फरशीवर. लालासाहेब शेंगा गोळा करत व्हता. मावशी टांग्यापाशी. आन डॉक्टर — डॉक्टर मुंबईच्या नोकरीमागं पळत व्हता, रोग्याला एका पायावर उभा ठिवून. निबंधात म्या धोका संभवतो लिहिलं, आन धोका संभवला तवा म्या तिथं नव्हतो. मला माझीच लाज वाटतीया बापू. लय लाज वाटतीया.

आन अजून एक ऱ्हायलं. ते बी सांगून टाकतो, आता ठिवून काय करू. औषध निघंल म्हणलंवतं ना म्या मावशीस्नी? औषध न्हाई. मी देतोय ते थेंब धोतऱ्याच्याच भाऊबंदातलं हायेत, त्येनं हात जरा हलका व्हतोय आन तोंड कोरडं पडतंय, एवढंच. लालासाहेबाच्या भुकटीतनं निघंल कवातरी काय, कुणाला ठावं, आज तर ससा जाड झालाय. मी सांगलीला निघालो तवा बी मला हे म्हाईत व्हतं. आता तुमी म्हणाल ते खरं. थुका माझ्यावर. पण वाड्याबरोबर जाऊ नका, एवढं ऐका. गजी जत्रंत चालती, सडकंवर न्हाई. बिराप्पा काय कोयनंपत्तुर ढोल वाजवत चालणार हाय का?

का हलताय? खांदं का हलत्यात तुमचं? थंडी वाजती? या उन्हात? काय — काय म्हणताय? मोठ्यानं बोला की जरा. न्हाई, बोलवत न्हाई तुमास्नी मोठ्यानं, मलाच ठावं हाय, मीच लिहिलंय. थांबा. कान हिकडं करतो. हां. बोला.

हसताय?

हसताय तुमी? कवाधरनं? — शेंगा उडाल्या तवापास्नं! टांग्यात बी? आन मी समजतोय — आरं देवा. रागावलाय म्हणून मी सांगलीपास्नं मान खाली घालून बसलोय. दोन पानं लिहिली म्या बापू! 'पाहणाऱ्याने फसू नये' म्हणून लिहिलं! आन साहेबाच्या मिशीतली हळद — व्हय, व्हय, कानापत्तुर व्हती. ड्रायव्हर बी, सांगतो ना तुमास्नी, स्टेरिंग सोडून — हसा, हसा. तोंडावर न्हाई दिसत, पण खांद्यावर दिसतंय, आता बघतोय म्या. आदी बघायला काय झालंवतं मला?

हां, ऐकतोय. फुडं बोला. घाई न्हाई.

ठावं हाय म्हणताय. पाय उचलतानाच कळलं तुमास्नी, ढोल थांबला की आपण पडणार म्हणून. तरी नाचला? … किती वर्सांनी? … व्हय. मावशी बघत व्हत्या म्हणून. त्यास्नी बघायचं व्हतं अजून एकदा. … न्हाई, मला राग कशाला यील. … औषध न्हाई हे बी ठावं व्हतं? कवापास्नं? मी चहा पाजायला लागलो तवापास्नं! बरं. बरं.

काय? न्हाई बापू, मी सांगतो की मावशीस्नी. गुन्हा माझा हाय, आशा म्या लावली. तुमी कशाला — तुमीच सांगणार? का? … व्हय. म्हणजे माझ्या तोंडनं ऐकलं तर त्या मलाच इचारत ऱ्हातील, हे करू का, ते करू का, आन मी परत काय तरी बोलून बसंन. ते खरं. माझा काय भरवसा. … पण त्यास्नी तुमचा आवाज ऐकू येत न्हाई म्हणताय. त्या बोलतच असत्यात. मेंढरं, कुत्री, पोरं, बिराप्पा. आन मी. सगळी तुमच्याबद्दल बोलत असत्यात, आन तुमी — व्हय. व्हय, समजलं. सकाळधरनं तुमी मला पाणी मागत नव्हता तर, हेच सांगत व्हता.

आल्या बगा. त्या काय, दगडी पुलाखालनं. पळतच यायला लागल्यात, पदराच्या गाठीत अंगारा बांधलाय. तोंड बगा त्यांचं कसं — बापू, आजचा दिवस ऱ्हाऊ दे का? घरी गेल्यावर? … न्हाई. आज. बरं. तुमचं तुमी ठरवायचं.

या मावशी, या. बसा. न्हाई, हितं न्हाई, त्यांच्या अंगाला लागून बसा. अंगारा लावा, लावा की. मला बी लावा. … काय म्हणता? वाड्याचं? औंदा जायला हरकत न्हाई न्हवं — मला इचारताय? मला इचारू नका. मोठ्या डाक्तरनं काय सांगितलं ते बी ऱ्हाऊ द्या घटकाभर. ह्यास्नी तुमच्याशी बोलायचंय. — न्हाई, मी काय सांगत न्हाई. हसू नका. रडू बी नका आत्ताच. वाका जरा. अजून वाका, कान पार तोंडाशी न्या, पदर मागं घ्या. बिराप्पा, ऊठ. ऊठ रं, आन ती बोटं ढोलावरनं काढ. ओ शेंगावालं, फुडं जावा, आमास्नी नको शेंगा, हितं वरडू नका. बापू, बोला तुमी. मी गप बसतो.